खुंटाची साक्ष कोण वाचणार?



गेल्या महिन्यात आमच्या पाड्यावर वनहक्क दाव्यांची जागेवर पडताळणी झाली. वनहक्क समितीचे लोक होते, तलाठी होता, फॉरेस्टचे दोघे होते. एका प्लॉटच्या बांधावर सागाचा कापलेला खुंट होता. फॉरेस्टचा साहेब त्या खुंटापाशी थांबला. खाली वाकून त्याने नखाने वलये मोजली आणि म्हणाला, "एकतीस. म्हणजे झाड एकतीस वर्षांचं. एकतीस वर्षं इथे जंगल होतं. झाड आता जानेवारीत पडलं. मग तुम्ही 2005 च्या आधीपासून कसता कसे?" आणि शेरा मारायला त्याने वही उघडली.

प्लॉटवाली बाई गप्प. तिचा सासरा त्या जमिनीत नागली, वरई करायचा, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. पण समोर लाकूड आणि लाकडात आकडा. आकडा बोलला की आपली माणसं गप्प होतात. हा लेख त्या गप्प होण्याबद्दल आहे.

आमच्याबरोबर एक काका होते. जंगल कामगार सोसायटीच्या कूपात त्यांनी उमेदीची वर्षं लाकूड चिरण्यात घालवली. ते खुंटापाशी बसले. फडक्याने खुंट पुसला, बाटलीतलं पाणी ओतलं, म्हणजे वलये उठून दिसतात. मग म्हणाले, "साहेब, हा रानातला साग नाय. हा बांधावरचा साग हाय. आतून बघा, मग बाहेर या."

साहेबाने बघितलं नाही. आम्ही बघितलं. काय दिसलं ते सांगतो. पण आधी वलय म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढच्या दाव्यात हा प्रश्न तुमच्या पाड्यावरही येईल.

साग उन्हाळ्यात पान टाकून उभा असतो. पावसाच्या तोंडावर पालवी फुटते आणि खोड जाड व्हायला लागतं. हंगामाच्या सुरुवातीला जे लाकूड तयार होतं त्यात मोठी मोठी छिद्रं असतात, साध्या डोळ्याला दिसतील अशी. नंतरचं लाकूड घट्ट. पाऊस गेला, थंडी आली की वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा छिद्रांची ओळ. अशी एका वर्षाची एक कडी. सागात ही कडी स्पष्ट दिसते. आंबा, जांभूळ अशा झाडांत ती अशी सरळ मोजता येत नाही. म्हणून सागाला महत्त्व. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या सागाची वलये मोजून पावसाशी ताडून बघितली होती, त्यांचा अभ्यास 1983 साली छापून आला. म्हणजे आपल्या जंगलातला साग हिशोब ठेवतो, ही थट्टेची गोष्ट नाही. शास्त्रज्ञांनी मानलेली गोष्ट आहे.

पण हिशोब ठेवणारा एक आणि हिशोब वाचणारा दुसरा. सावकाराची वही आपण विसरलो नाही.

आता त्या खुंटात काय होतं? आतली तीन वलये रुंद. त्यापुढची सात एकदम बारीक, एकमेकांना चिकटलेली. आणि तिथून सालीपर्यंत पुन्हा रुंद, मोजली तर एकवीस. तीन, सात आणि एकवीस. साहेबाची बेरीज बरोबर होती. एकतीसच. त्याने फक्त बेरीज केली, वाचलं नाही.

आतली तीन रुंद का? कारण हे झाड बियातून उगवलेलं नव्हतं. खुंटाच्या मुळाशी माती उकरली तर आणखी जुना, कुजलेला खुंट निघाला. त्याच्या बगलेतून हा कोंब फुटलेला. साग कापला तरी मरत नाही, मुळातून फुटतो, आणि खाली जुनं मोठं मूळ असल्यामुळे तो कोंब पहिली दोन-तीन वर्षं झपाट्याने वाढतो. म्हणजे एकतीस हे झाडाचं वय नव्हे. ते फक्त या खोडाचं वय. मूळ किती जुनं ते वलयं सांगत नाहीत. सागाचं रोपही वणव्यात वर्षानुवर्षं जळतं, मूळ जिवंत राहतं, पुन्हा फुटतं. खोड नवं, मूळ जुनं. आपल्याला हे समजायला जड नाही.

मधली सात बारीक का? दाटी होती. आजूबाजूला दुसरे कोंब, दुसरी झाडं. ऊन नाही, पाणी वाटून घ्यायचं. झाड जगतं, पण जाड होत नाही.

आणि मग एकदम रुंद, तीही एकवीस वर्षं सलग. एका वर्षाचा चांगला पाऊस असता तर एक-दोन वलये रुंद झाली असती आणि पुन्हा बारीक. एकवीस वर्षं रुंद राहायला काहीतरी कायमचं बदलावं लागतं. शेजारची झाडं गेली, ऊन आलं, आणि नंतर पुन्हा दाटी झाली नाही.

आता साधं गणित. झाड चोरीला गेलं जानेवारी 2013 मध्ये. ही तारीख आमची नाही. अज्ञात चोरावर गुन्हा फॉरेस्टनेच नोंदला, त्यांच्याच कागदावर ती आहे. म्हणजे सालीला लागून असलेलं शेवटचं वलय 2012 च्या पावसाळ्याचं. तिथून आत एकवीस मोजली तर पहिलं रुंद वलय 1992 चं येतं. जागा उघडी झाली ती त्या सुमाराला. कायद्याची तारीख 13 डिसेंबर 2005. मोजण्यात चार-पाच वलयांची चूक धरली तरी आपण तारखेच्या अलीकडे येत नाही. ज्या खुंटावर बोट ठेवून साहेबाने दावा खोटा म्हटला, तोच खुंट नीट वाचला तर दाव्याच्या बाजूने उभा राहतो.

आणि एक साधी गोष्ट तर वलये न मोजताही कळते. झाड बांधावर होतं. शेताच्या मधोमध नव्हे. आपला माणूस सागाला हात लावत नाही, कारण सागाला हात लावला की केस. शेत करताना साग राखून बांध त्याच्या कडेने घातला जातो. बांधावरचा साग म्हणजे "इथे शेत नव्हतं" याचा पुरावा नव्हे. इथे शेत करणाऱ्याने साग राखला, याचा पुरावा.

इथपर्यंत वाचून तरुण साथी खूष होतील. त्या दिवशी बैठकीतही झाले. एकजण म्हणाला, आता प्रत्येक प्लॉटवरच्या झाडाची लॅबमध्ये तपासणी मागू, सायन्सनेच सरकारला हरवू. माझं मत वेगळं आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

पहिली गोष्ट, झाड साक्षीदार आहे, पण चुकणारा साक्षीदार आहे. आपल्या बाजूने बोललं म्हणून त्याला देव करू नका.

मध्येच पावसाने मोठी ओढ दिली तर वाढ थांबते. पुन्हा पाऊस आला की पुन्हा सुरू होते, आणि एकाच वर्षात दोन वलये दिसतात. अळीने सगळी पालवी खाल्ली आणि झाड पुन्हा फुटलं तरी तसंच. सागाची पानं जाळीसारखी झालेली आपण पावसाळ्यात बघतो, ती अशाच एका अळीची करणी. असं जोडवलय खऱ्या वलयासारखंच दिसतं, फक्त त्याची कड पुसट असते आणि बऱ्याचदा पूर्ण गोल फिरत नाही. ते मोजलं तर झाड आहे त्याहून म्हातारं होतं.

उलटही होतं. झाड फार दाटीत असेल, सारखी फांदी तोडली जात असेल, तर एखाद्या वाईट वर्षी खोडाच्या एका बाजूला वलय धरतच नाही. एका बाजूने एकतीस आणि दुसऱ्या बाजूने अठ्ठावीस भरतात. सागाचा बुंधा तळाशी खाचांचा असतो, उतारावरचं झाड कललेलं असतं, त्यामुळे एका अंगाला वलये रुंद आणि दुसऱ्या अंगाला बारीक पडतात. गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेल्या खुंटात झाडाला तेवढी उंची गाठायला लागलेली वर्षं येतच नाहीत. मधे पोकळ असेल तर सुरुवातीची वर्षं गेलीच.

म्हणून अभ्यास करणारे लोक एका झाडावर विसंबत नाहीत. एकाच भागातली बरीच झाडं घेतात आणि वाईट वर्षाचं बारीक वलय सगळ्यांत एकाच जागी येतं का ते जुळवून बघतात. जिथे जुळत नाही तिथे जोडवलय किंवा हरवलेलं वलय शोधतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकट्याची साक्ष चालत नाही, पंच लागतात. साहेबाने एका बाजूने, एका खुंटावर, एकदा मोजलं. हा पंचनामा नव्हे.

दुसरी गोष्ट. वलय काय झालं ते सांगतं, कोणी केलं ते सांगत नाही. 1992 च्या सुमाराला जागा उघडी झाली, एवढंच तो खुंट म्हणतो. कूपतोडीत उघडी झाली, वणव्यात झाली की नांगरामुळे, ते लाकडात लिहिलेलं नाही. खोडात जळाल्याची काळी खूण दिसली की फॉरेस्टवाले म्हणतात, आदिवासीने आग लावली. खुणेपासून सालीपर्यंत मोजून आगीचं वर्ष सांगता येतं. काडी कोणी ओढली ते कोणतंही झाड सांगत नाही. मग हाच नियम आपल्यालाही लागू. रुंद वलय दाखवून "हा आमच्या नांगराचा पुरावा" असं आपण म्हणायचं नाही. म्हणायचं असं की, सासरा कधीपासून कसायचा ते म्हाताऱ्यांनी सांगितलं, बांध किती जुना ते बांधावरून दिसतं, दंडाची पावती असेल तर ती ही, आणि खुंटातली वलये या सगळ्याशी जुळतात. जुळतात हा शब्द महत्त्वाचा. खोट्या दाव्याने एक प्लॉट मिळेल, पण पुढच्या शंभर खऱ्या दाव्यांवर संशय येईल.

हे आपल्याच देशात होतं असं नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिअर्स नावाचं बेट आहे. तिथले मूळनिवासी नू-चा-नुल्थ लोक. तिथल्या लाल सीडर झाडाची लांब पट्टी साल काढून ते त्याच्या टोपल्या, दोर, कपडे करत. साल काढताना झाड मारत नसत. एका बाजूची पट्टी निघाली की झाड दोन्ही कडांनी वाढत राहतं आणि जखम हळूहळू झाकायला बघतं. त्या कडांवरची वलये मोजली की साल कोणत्या वर्षी निघाली ते कळतं. 1984 मध्ये लाकूड कंपनी बेटावर तोड करायला निघाली तेव्हा लोक आडवे आले, त्यांनी बेट आपलं राखीव म्हणून जाहीर केलं, आणि 1985 मध्ये कोर्टाने तोड थांबवली. त्या लढ्यात साल काढलेल्या झाडांचा पुरावा गोळा झाला. त्या प्रांतात 1846 च्या आधीची अशी खूण असलेल्या झाडांना आज कायद्याचं संरक्षण आहे.

यातून दोन गोष्टी शिकाव्या. एक, जखमेचं वर्ष वलयांनी सांगितलं. पण ती जखम वणव्याची नाही, अस्वलाची नाही, माणसाने साल काढल्याची आहे, आणि कशासाठी काढली, हे लोकांच्या रीतीवरून आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून ठरलं. दोन, झाडाच्या पुराव्यालाही मर्यादा पडली. खूण 1846 च्या आधीची असेल तर वारसा, नंतरची असेल तर नुसतं लाकूड. तारीख सरकार ठरवतं. आपल्याकडे 13 डिसेंबर 2005 आहे, त्यांच्याकडे 1846.

आपल्याकडेही अशा खुणा आहेत. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायची आपली रीत. 1885 मध्ये ठाणे-कुलाब्याच्या जंगलाच्या तक्रारींसाठी मुंबई सरकारला कमिशन बसवावं लागलं, त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. तेव्हाही साहेब म्हणत होते की हे लोक जंगल मारतात. फांदी तोडलेलं झाड बुटकं, गाठींचं होतं, पण पुन्हा फुटतं आणि पिढ्यान्‌पिढ्या राब देतं. अशा झाडाकडे बघून साहेब म्हणतो नासधूस, आपण म्हणतो राखण. सामूहिक दाव्यात राबाच्या झाडांच्या जागा नकाशावर दाखवा, ही माझी प्रत्येक ग्रामसभेला विनंती.

तिसरी आणि मुख्य गोष्ट. आपण लॅबचा दाखला मागायला लागलो तर उद्या तो सक्तीचा होईल. ज्याच्या बांधावर साग नाही त्याचं काय? ज्याचा खुंट वाळवीने खाल्ला त्याचं काय? उपग्रहाच्या फोटोचं काय झालं ते आठवा. फोटो मदतीला म्हणून आला आणि बघता बघता फोटोत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले जायला लागले. शेवटी 2012 च्या दुरुस्तीत लिहावं लागलं की उपग्रहाचे फोटो आणि इतर तंत्रज्ञान हे दुसऱ्या पुराव्याला पूरक असतील, त्याच्या जागी येणार नाहीत. अमुकच प्रकारचा पुरावा द्या असा हट्ट समितीने धरायचा नाही, हेही नियम 12अ मध्ये आहे. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध आहेत आणि दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचे लेखी जबाब आहेत. म्हातारीचा जबाब कायद्याने पुरावा आहे. तो कमी दर्जाचा आणि लाकडाचा आकडा वरच्या दर्जाचा असं कायदा म्हणत नाही. असं आपणच म्हणायला लागलो तर दोष कोणाचा?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. खुंटाची साक्ष आपण मागायची नाही. पण कोणी ती आपल्याविरुद्ध काढली तर पळायचं नाही, पूर्ण वाचायला लावायचं. त्यासाठी वनहक्क समित्यांनी एवढं करावं:

1. पडताळणीच्या वेळी कोणी खुंट मोजला तर चारही दिशांनी मोजायला लावा. चार आकडे वेगळे आले तर चारही पंचनाम्यात लिहा.

2. नुसता आकडा लिहू देऊ नका. कोणती वलये रुंद, कोणती बारीक, आतून किती आणि सालीकडून किती, खुंट जमिनीपासून किती उंच, मधे पोकळ आहे का, मुळाशी जुना खुंट आहे का, झाड बांधावर की शेतात, हे सगळं लिहा. खुंट पुसून, ओला करून, पट्टी ठेवून फोटो काढा.

3. झाड कधी पडलं त्याचा कागद मिळवा. शेवटच्या वलयाचं वर्ष माहीत नसेल तर मोजणीला अर्थ नाही.

4. तो खुंट उखडू देऊ नका, जाळू देऊ नका. आणि पुरावा दाखवायला उभं झाड कोणीही कापू नये. गुन्हा तर होईलच, साक्षीदारही जाईल.

5. हजर असलेल्या फॉरेस्ट आणि महसूलच्या माणसांनी सही, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहायचा, हा नियम आहे. शेऱ्याला उत्तर म्हणून समितीचा शेरा त्याच कागदावर लिहा.

6. दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे.

7. कूपात, सोसायटीत, सुतारकामात आयुष्य गेलेले म्हातारे प्रत्येक पाड्यावर आहेत. पडताळणीला त्यांना बरोबर घ्या. त्यांचा जबाबही लिहून घ्या.

त्या दिवशी आमच्या समितीने सातवी गोष्ट केली म्हणून बाकीच्या सुचल्या. काकांचं बोलणं पंचनाम्यात आलं, तीन, सात आणि एकवीस असं लिहून. साहेबाने आपला एकतीसचा शेरा मारला तो मारलाच. दोन्ही शेरे आता उपविभागीय समितीपुढे आहेत. निकाल काय लागेल माहीत नाही. पण प्लॉटवाली बाई आता गप्प नाही. ग्रामसभेत ती स्वतः उठून सांगते, कुठलं वलय कधीचं आणि त्या वर्षी सासऱ्याने काय पेरलं होतं.

हा अंक आपापल्या पाड्यावर वाचून दाखवा. तुमच्याकडे असं काही घडलं असेल, झाड आपल्या बाजूने बोललं असेल किंवा विरुद्ध, तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

जिंदाबाद!